जहाजावरच्या ‘फुकट’ क्रेडिटची रोकड : पिंपळगावच्या एका डीलरचे प्रकरण

पिंपळगाव बसवंतला कृषी सेवा केंद्र चालवणारे एक गृहस्थ बरीच वर्षे रिटर्न भरायला माझ्या नाशिकच्या ऑफिसात येतात. हे प्रकरण त्यांचे आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. नावाऐवजी त्यांना अण्णा म्हणू, आणि त्यांच्या सोबतच्या निफाडच्या डीलरना बापू.

खत-औषधांच्या धंद्यातल्या लोकांना टूर म्हणजे काय हे सांगायला नको. कंपनी टार्गेट देते, टार्गेट गाठले की डीलरला जोडीने परदेशवारी. बँकॉक, दुबई, बाली हे सगळ्यांचे करून झालेले असते, त्यामुळे हल्ली सिंगापूरहून सुटणारी क्रूझ जोरात आहे. द्राक्षांच्या खरड छाटणीची गर्दी ओसरल्यावर अण्णांची तुकडी कसारा घाट उतरून मुंबईला गेली, तिथून विमानाने सिंगापूर आणि पुढे चार रात्री जहाजावर. कंपनीच्या टूरवाल्याने प्रत्येक जोडप्याला एक पाकीट दिले होते. त्यात लिहिले होते : ‘२५० डॉलर क्रेडिट, जहाजावर वापरण्यासाठी.’

अण्णांनी त्याच दिवशी ठरवले की याची रोकड करून घरी आणायची. हा विचार करणारे ते एकटे नव्हते. बसमध्ये चर्चा तीच होती.

जुलैमध्ये कागद घेऊन आले तेव्हा त्यांचा हिशेब तयार होता. ‘‘सर, अडीचशेतले एकशे एक्काहत्तर डॉलर रोख आणले. फुकटातले. आता यावर काही टॅक्स बसत नाही ना?’’

टॅक्सकडे मी नंतर आलो. आधी ते १७१ डॉलर आले कुठून ते पाहावे लागले, आणि खरी गोम तिथेच निघाली.

पाकिटात काय होते

२५० डॉलर हा एकच आकडा छापलेला असला तरी आत दोन वेगळ्या जातीचे पैसे होते. १५० डॉलर ‘ऑनबोर्ड क्रेडिट’, म्हणजे जहाजावरच्या खात्यात आधीच जमा केलेली रक्कम. कॅसिनो सोडला तर जहाजावर रोख चालत नाही. खोलीची चावी असलेले कार्डच सगळीकडे दाखवायचे, खर्च खात्यावर चढत जातो आणि शेवटच्या दिवशी उरलेली बाकी तुमच्या क्रेडिट कार्डातून वळती होते. क्रेडिट परत मिळणारे असेल तर शिल्लक हातात येते. अण्णांचे परत न मिळणारे होते, म्हणजे चार रात्रींत वापरले नाही तर गेले.

उरलेले १०० डॉलर कॅसिनोच्या प्रमोशनचे होते, २५-२५ च्या चार चिपांच्या, म्हणजे पटावर पैशाऐवजी लावायच्या चकत्यांच्या रूपात. गोव्याला मांडवीतल्या बोटींवर जाऊन आलेल्यांना हा प्रकार माहीत असतो. तिथे प्रवेशाच्या पॅकेजमध्ये मिळणाऱ्या कुपनाला सगळे ओटीपी म्हणतात, वन टाइम प्ले. चिप कॅशियरच्या खिडकीवर दिली तर पैसे मिळत नाहीत. ती पटावर लावायची. हरलात तर गेली, जिंकलात तर जिंकलेली रक्कम खऱ्या चिपांत मिळते आणि ती प्रमोशनची चिप कॅसिनो परत घेतो.

आणखी एक प्रकार असतो, तो अण्णांकडे नव्हता पण नोंदवून ठेवतो. काही लोक कॅसिनोत स्वतःचेच पैसे आगाऊ ठेवतात. ते खेळून उरले की परत मिळतात. ती सरळ ठेव असते. प्रीपेड कॅसिनो क्रेडिट म्हटले की लोक या तिन्ही गोष्टी एकाच पिशवीत टाकतात, आणि ‘त्याला मिळाले, मग मला का नाही’ हा वाद तिथून सुरू होतो.

पहिली रात्र, स्लॉट मशीन

जहाज सागरी हद्दीबाहेर गेले की कॅसिनो उघडतो, बंदरात असताना बंद. पहिल्याच रात्री अण्णा गेले. तुकडीतल्या कोणीतरी युक्ती सांगितली होती : खोलीचे कार्ड स्लॉट मशीनमध्ये (बटण दाबून खेळायच्या जुगाराच्या यंत्रात) घाला, पिन टाका, खात्यातून १५० डॉलर मशीनवर ओढा, चार-दोन वेळा बटण दाबा आणि उरलेले ‘कॅश आउट’ करून खिडकीवरून नोटा घ्या. खात्यावर चढलेले १५० फुकटच्या क्रेडिटमधून वळते होतील.

युक्ती नवी नाही. जगभरच्या क्रूझ प्रवाशांना ती माहीत आहे आणि कंपन्यांनाही. म्हणून काही कंपन्या परत न मिळणारे क्रेडिट कॅसिनोत चालूच देत नाहीत. काही देतात, पण खात्यावरून कॅसिनोत ओढलेल्या रकमेवर शुल्क लावतात. ३ ते ५ टक्के हे नेहमी दिसणारे दर. शिवाय अजिबात न खेळता लगेच पैसे काढणाऱ्यावर नजर असते. अण्णांच्या जहाजावर दर ५ टक्के होता. तो मशीनच्या पडद्यावर आला होता, पण अण्णांनी ‘ओके’ दाबले. आपणही दाबतो.

कॅसिनोतला माणूस शंका घेऊ नये म्हणून त्यांनी थोडा वेळ खेळ केला. त्यात १९ डॉलर गेले. १३१ डॉलरची पावती निघाली, खिडकीवर नोटा मिळाल्या. वहिनींनी त्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या.

दुसरी रात्र, लाल आणि काळा

प्रमोशनच्या चिपांसाठी बापूंनी डोके चालवले. रुलेट म्हणजे फिरत्या चक्रात चेंडू टाकायचा, तो कुठल्या घरात पडेल यावर पैज. पटावर लाल किंवा काळ्यावर लावले तर एकास एक मिळतात. अण्णांनी प्रमोशनची २५ ची चिप लालवर लावायची, बापूंनी खऱ्या पैशाचे २५ काळ्यावर. दोघांतला एक जिंकणारच. आलेले पैसे निम्मे-निम्मे.

पहिल्या फेरीत लाल आले. अण्णांना २५ मिळाले, बापूंचे २५ गेले. दोघांचे मिळून शून्य! दुसऱ्या फेरीत काळे आले. बापूंना २५ मिळाले, अण्णांची चिप गेली. ती फुकटची, त्यामुळे दोघांचे मिळून २५ आले. दोन चिपा खर्च होऊन दोघांत २५ डॉलर.

गणितातली चूक इथे आहे. एकदाच चालणाऱ्या चिपेसमोर बरोबरीची रक्कम लावली की एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला २५ मिळतात, म्हणजे नशिबावरचा भार तसाच राहतो. दोन्ही बाजूंनी सारखे हाती यायला समोर निम्मीच रक्कम लावावी लागते : २५ च्या चिपेसमोर साडेबारा. मग लाल आले तरी साडेबारा, काळे आले तरी साडेबारा. पण त्या पटावर कमीत कमी पैज २५ ची होती. म्हणजे अण्णांनी दोन चिपा एकदम लालवर आणि बापूंनी २५ काळ्यावर लावायला हवे होते. तरीही शून्याचे घर राहतेच, ते ना लाल ना काळे. चेंडू तिथे पडला की दोघांचेही जाते.

तिसऱ्या फेरीआधी पटावरचा सुपरवायझर आला आणि अगदी हसतमुखाने म्हणाला की प्रमोशनच्या चिपेविरुद्ध दुसऱ्याने खेळायला परवानगी नाही. अशी अट बहुतेक कॅसिनोंत असते. बापू उठले. अण्णांनी उरलेल्या दोन चिपा एकेक करून लालवर लावल्या. एक लागली, एक गेली.

चार चिपांतून अण्णांना ५० मिळाले. बापूंना ठरल्याप्रमाणे साडेबारा द्यायचे होते, दिले दहा. यावरून परतीच्या बसमध्ये जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही.

१०० च्या चिपांचे ५० हा निकाल वाईट नव्हता. दोन शून्ये असलेल्या चक्रावर ३८ घरे असतात, त्यांतली १८ लाल. म्हणजे एकदाच चालणाऱ्या चिपेची सरासरी किंमत तिच्या छापील आकड्याच्या सुमारे ४७ टक्के. एकच शून्य असेल तर सुमारे ४९ टक्के. सिंगापूरच्या जहाजांवर बॅकरा या पत्त्यांच्या खेळाची गर्दी जास्त असते. तिथेही ‘प्लेयर’ या बाजूवर लावलेली अशी चिप साधारण ४९ टक्क्यांच्याच भावाची. गंमत म्हणजे हीच चिप रुलेटच्या एका आकड्यावर लावली तर सरासरी ९२ टक्क्यांवर जाते, कारण लागली तर ३५ पट मिळतात. पण ३८ पैकी ३७ वेळा हात हलवत उठावे लागते. चार चिपा घेऊन बसलेल्या माणसाला त्या सरासरीचा काय उपयोग! चिप हरेपर्यंत चालणारी असेल तर मात्र लाल-काळ्यावरही तिची किंमत ९० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून चिप हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा की जिंकल्यावर ती परत घेणार की माझ्याकडे राहणार.

बिल

शेवटच्या सकाळी खात्याचा उतारा आला. तो अण्णांनी घडी घालून पासपोर्टमध्ये ठेवला होता, माझ्यासमोर उलगडला.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरवर्गाची सक्तीची टिप, माणशी दिवसाला १८ डॉलर. दोघांचे चार दिवसांचे १४४. वाय-फाय ४८. (मुलगा दुकानात एकटा, तेव्हा व्हॉट्सॲपवर भाव पाठवायलाच हवे होते.) कॅसिनोत ओढलेले १५० आणि त्यावरचे शुल्क साडेसात. एकूण ३४९ डॉलर ५० सेंट. त्यातून क्रेडिटचे १५० वजा. कार्डातून गेले १९९ डॉलर ५० सेंट.

‘‘हा जहाजावरचा खर्च, तो होणारच होता,’’ अण्णा म्हणाले.

मी पेनाने कॅसिनोची ओळ खोडली. ती नसती तर खर्च १९२ झाला असता, क्रेडिट वजा जाता कार्डातून फक्त ४२ डॉलर गेले असते. म्हणजे कॅसिनोपायी कार्डातून १५७ डॉलर ५० सेंट जास्त गेले. त्यांच्या कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. आणखी साडेसहा डॉलर. एकूण १६४.

अण्णा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. ‘‘पण सर, ते दीडशे तर क्रेडिटमधून गेले. पहिल्या रात्रीच गेले. उताऱ्यात तसंच दिसतंय.’’

उताऱ्यात तसे दिसत होते, कारण कॅसिनोचा खर्च खात्यावर आधी चढला आणि ग्रॅच्युइटी नंतर. मी त्यांना त्यांच्याच शेततळ्याचे उदाहरण दिले. कालव्याचे पाणी आणि विकतच्या टँकरचे पाणी एकाच तळ्यात सोडले, तर पहिल्या दिवशी दिलेले पाणी कालव्याचे होते आणि नंतरचे टँकरचे असे म्हणून टँकरचे बिल कमी होत नाही. खाते एकच होते, आणि त्या खात्यावर १५० पेक्षा जास्त खर्च कसाही होणारच होता. तेव्हा कॅसिनोतून काढलेली प्रत्येक नोट अण्णांच्या क्रेडिट कार्डातूनच आली. त्यांनी स्वतःचेच पैसे ५ टक्के शुल्क आणि ४.१३ टक्के मार्कअप देऊन मशीनमधून काढले, वर १९ डॉलर मशीनला दिले.

१६४ खर्च करून हातात १७१. सात डॉलर फायदा. तोही प्रमोशनच्या चिपांमुळे. मशीनचा भाग वेगळा काढला तर ३३ डॉलरचे नुकसान.

तरी त्यांनी एक गोष्ट बरी केली. तुकडीतल्या काहींनी कॅसिनोच्या खिडकीवर थेट क्रेडिट कार्ड घासून चिपा घेतल्या. तिथला व्यवहार बँक रोख उचल समजू शकते : वेगळे शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज, बिनव्याजी मुदत नाही. शिवाय परकीय चलन कायद्याखालच्या २००० सालच्या नियमांत लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक यांसाठी पैसे पाठवायला बंदी आहे. बऱ्याच बँका जुगाराच्या कोडवरचा व्यवहार मुळातच अडवतात. खिडकीवर कार्ड नाकारले गेले म्हणून चिडलेले एक गृहस्थ त्याच बसमध्ये होते, असे कळले.

आयकर

आता अण्णांचा मूळ प्रश्न. जुगारातल्या जिंकण्यावर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीप्रमाणे सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. हे प्रकरण त्या कायद्याखालचे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक आता वेगळे. खर्चाची वजावट नाही, दुसऱ्या पटावरचा तोटाही त्यातून वळता होत नाही. भारतात निवासी असलेल्या माणसाने परदेशी जहाजावर जिंकले तरी उत्पन्न इथे करपात्र.

रुलेटवर अण्णा ५० डॉलर जिंकले. कर १५ डॉलर ६० सेंट. सात डॉलरच्या फायद्याचे झाले साडेआठ डॉलरचे नुकसान. मशीनवर मधे मधे जे लागले ते मी यात धरलेलेच नाही, कारण शेवटी तिथून टाकले त्यापेक्षा कमी निघाले.

याहून त्रासाची गोष्ट फॉर्मची निघाली. अण्णा दरवर्षी अनुमानित नफ्यावर, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने धरलेल्या नफ्यावर, आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म भरतात. भारताबाहेरचे उत्पन्न आले की तो फॉर्म चालत नाही. ५० डॉलरसाठी आयटीआर-३ भरावा लागला, आणि माझी जादा फी त्या करापेक्षा जास्त झाली. मी ती घेतली.

‘फुकट’ हा शब्दही तपासून पाहिला. जुलै २०२२ पासून कलम १९४आर लागू झाले : धंद्याच्या संबंधातून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला तर १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापायचा कर. टूर म्हणजे असाच लाभ. अण्णांच्या २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या उताऱ्यात, टूरची किंमत दिसत होती आणि क्रेडिट पॅकेजच्या किमतीतच होते. म्हणजे ते २५० डॉलर धंद्याच्या उत्पन्नात आधीच मोजले गेले होते आणि त्यावर त्यांच्या स्लॅबप्रमाणे कर बसणार होता, क्रेडिट वापरले असते किंवा जहाजावर सोडून आले असते तरी. क्रेडिट वाया घालवू नये हे त्यांचे म्हणणे त्या अर्थाने अगदी बरोबर होते.

आणलेल्या नोटांची अडचण नव्हती. निवासी भारतीयाला परदेशातून परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःजवळ ठेवता येतात. त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत अधिकृत विक्रेत्याकडे बदलावे लागते. विमानतळावर जाहीर करण्याची पाळी ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा असतील तर. अण्णांना मात्र शंका होती की कॅसिनोचे पैसे महाराष्ट्रात बाळगणेच गुन्हा असेल. राज्याचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्दच केला, त्यामुळे इथे कॅसिनो चालवता येत नाही हे खरे. पण जहाजावर रीतसर खेळून आणलेल्या नोटा वहिनींच्या कपाटात असणे हा गुन्हा नाही. नाशिकरोडला नोटांचा कारखाना १९२८ पासून चालू असलेल्या जिल्ह्यात नोटांबद्दलच्या अफवा इतक्या कशा पसरतात, देव जाणे.

मग रोकड काढायची कशी

अण्णांच्या जागी दुसरा कोणी असता तर काय करावे हे बापूंनी नंतर फोनवर विचारले. त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो.

परत न मिळणाऱ्या क्रेडिटची रोकड काढायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे ग्रॅच्युइटी. नाहीतरी भरावी लागणारी रक्कम क्रेडिटमधून गेली की तुमच्या कार्डातले तेवढे पैसे वाचतात. डॉलरमागे डॉलर, शुल्क शून्य, उलट मार्कअपही वाचतो. अण्णांनी खात्याला हात लावला नसता तर त्यांचे पूर्ण १५० वसूल झाले असते, आणि प्रमोशनच्या चार चिपा त्यांना तशाही खेळता आल्या असत्या.

कॅसिनोचा रस्ता उरतो तो फक्त ज्याचा एकूण खर्च क्रेडिटपेक्षा कमी आहे त्याला. समजा टूरवाल्याने ग्रॅच्युइटी आधीच भरली आहे आणि शेवटच्या संध्याकाळी खात्यात ४० डॉलर पडून आहेत. आधी रिसेप्शनवर विचारावे की हे क्रेडिट कॅसिनोत चालते का. चालत असेल तर ५ टक्के शुल्क धरून ३८ च ओढावेत, म्हणजे कार्डाला हात लागणार नाही. कमीत कमी पैज लावून उठावे आणि नोटा त्याच रात्री घ्याव्यात. सकाळी जहाज बंदरात लागते, तेव्हा खिडकी बंद. जिंकलात तर ३१.२ टक्के आणि फॉर्मचे लचांड आहेच. मी असतो तर त्या ४० डॉलरची जहाजावरच्या दुकानातून चॉकलेटे घेतली असती. बापूंना हे पटले नाही.

पुढच्या टूरची यादी लागली आहे आणि अण्णा त्यात आहेत. त्यांनी कंपनीच्या माणसाला सांगितले की ग्रॅच्युइटी आधी भरून टाका आणि तेवढे क्रेडिट कमी केले तरी चालेल. तो म्हणाला, ‘‘अण्णा, पाकिटावर अडीचशे छापलं की बाकीचे डीलर टार्गेट गाठतात. एकशे सहा छापून कोण गाठणार?’’